मदत हवी आहे: काहिलीतल्या फेसाचे अमूर्त कृष्णधवल फोटो, स्पर्धेसाठी

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. नोकरी सांभाळून पाच-सहा वर्षं फोटो काढतेय. या महिन्याच्या अखेरीस एका स्पर्धेला चार फोटो द्यायचेत. विषय 'अमूर्त', विभाग कृष्णधवल. करवीर तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. गेले तीन रविवार तिथल्या काहिलीपाशी, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, जाऊन उभी राहते. साडेतीनशेच्या वर फोटो झालेत आणि एकही मनाला पटत नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. काहिलीत रस पडला आणि चुलवाणात चिपाडांचा जाळ लागला की आधी वर येते ती मळी. हिरवट करडी, जाड, जुन्या वाकळेसारखी सुरकुतलेली. भेंडीचं पाणी पडलं की ती आणखी गोळा होते आणि झाऱ्यानं काढत राहावी लागते. मळी निघाली की खालून पिवळा फेस उसळतो, मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा. आणि सगळ्यात शेवटी, काहील उतरायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे बारीक आणि जड होतात, फुटायच्या आधी क्षणभर अडून बसतात. मला ती दहा मिनिटं हवीत. शेजारी शेजारी दोन बुडबुडे फुगतात तेव्हा त्यांच्या मधला पडदा ताणून अगदी सरळ रेघ होते, आणि मग एका बाजूचा बुडबुडा फुटला की ती रेघ कमानीसारखी वाकते. हे मी डोळ्यांनी शंभरदा पाहिलंय. फोटोत येत नाही.

अडचणी अशा:

फेस पांढराफटक पडतो. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) उजवीकडे टेकलेला दिसत नाही, सगळं ठीक वाटतं. घरी येऊन कृष्णधवल केलं की बुडबुड्यांच्या जागी कापसाचे बोळे. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलीत) काढते. रूपांतर करताना लाल आणि पिवळ्याची पट्टी वर नेते, कारण त्यानं फेस उजळतो.

वाफेनं लेन्स धुरकटते. पुसली की परत तेच.

तिसरी अडचण मला जास्त छळते. फोटो दाखवला की समोरचा विचारतो, "हे काय आहे?" मी म्हणते गुळाचा फेस. तो "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि मोबाइल परत देतो. कोडं सुटलं की फोटो संपला. म्हणून मी कापत कापत इतकं आत गेले की ओळखच पटू नये. मग उरलं काय, तर साडीच्या दुकानातला छापा. सगळीकडे सारखे ठिपके, नजर कुठे टेकतच नाही. ओळखू येणं आणि नुसती नक्षी होणं, या दोहोंच्या मधे काय असतं आणि तिथं पोचायचं कसं?

शेवटचा प्रश्न नियमाचा. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझा फोटो कृष्णधवल विभागातून बाद झाला. मी फक्त फेसाला हलकी तपकिरी छटा ठेवली होती, बाकी काळंपांढरं. कारण कुणी सांगितलं नाही, नुसतं 'अपात्र' असं कळवलं. वाईट वाटलं, अजून वाटतं. यंदा छटा द्यावी की नको?

कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स दोन: १८-५५ आणि ५५-२५० मिमी.

प्रतिसाद, उद्यमनगरातून

ताई, फेसाचं मी सांगतो. माझं लेथचं काम हाय, लोखंडाच्या किसाचे आणि वंगणाच्या डागांचे फोटो काढतो, त्यात असंच फसलोय.

तुम्ही बघताय तो हिस्टोग्राम एकंदर उजेडाचा असणार. त्यात हिरव्याचा वाटा निम्म्याच्या वर, लालचा तीस टक्क्यांच्या आसपास आणि निळ्याचा नावाला. पिवळ्या-नारिंगी वस्तूत लाल वाहिनी, म्हंजे फोटोतला लाल रंगाचा वाटा, सगळ्यात आधी भरून सांडती, आणि एकंदर हिस्टोग्रामला त्याचा पत्ताही लागत न्हाई. वर तुम्ही घरी येऊन लालचीच पट्टी वाढवताय. म्हणजे जिथं पोत मेलाय तीच वाहिनी तुम्ही पुढं आणताय.

कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दिसायची सोय असती, ती चालू करा. उजेड लाल टेकायच्या आत थांबवा. फोटो पडद्यावर काळपट दिसंल, दिसू दे. घरी रूपांतर हिरव्यावर न्या, लाल खाली ओढा. बुडबुड्याची कड लगेच उठून येती. निळ्यावर मात्र फार जाऊ नका. पिवळ्या वस्तूत निळं मुळात कमी, तिथं नुसती खरखर मिळंल. आणि पहाटं पिवळ्या बल्बाच्या उजेडात काढत असाल तर ते बंद करा. त्या उजेडातच निळं नसल्यागत. दार उगवतीला असंल तर ऊन तिरकं आत येईस्तोवर थांबा. तिरक्या उजेडाशिवाय बुडबुड्याला गोलाई येत न्हाई.

प्रतिसाद, कागलहून

आमचंही गुऱ्हाळ होतं. वाफेचं कारण साधं आहे. पहाटेच्या गारठ्यातून थंड लेन्स तुम्ही एकदम वाफेत नेता, दव धरणारच. पोचल्याबरोबर कॅमेरा पिशवीतच ठेवा, पिशवी चुलवाणाच्या बाजूला पण जाळापासून लांब टेकवा. अर्धा तास तरी काढू नका. काच ऊबदार झाली की धुरकट व्हायची थांबते. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर असू दे, गुळाचे शिंतोडे लेन्सच्या काचेवरून सहज निघत नाहीत.

आणि कळकळीनं सांगतो, काहिलीवर वाकू नका. रस नुसत्या उकळत्या पाण्यासारखा नसतो. उतरायच्या वेळी तो ११८ अंशांच्या आसपास असतो आणि चिकट असतो. अंगावर उडाला तर झटकता येत नाही. मामा काही म्हणाले नाहीत तरी गुळव्यांना विचारून जागा ठरवा. झारा फिरवताना त्यांची वाट अडता कामा नये.

प्रतिसाद, शाहूपुरीतून

मी सत्तरीत आहे. पंचवीस वर्षं डार्करूम चालवली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलावंसं वाटलं.

अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडनं १९१६ साली घरातल्या वाट्या-वाडगे आणि व्हरांड्यात पडलेल्या सावल्या घेऊन फोटो केले. थोडं थांबलात तर वाडगे ओळखू येतात. तिथल्याच एडवर्ड वेस्टननं १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवली आणि फोटो काढला. ती तर पहिल्या क्षणाला ओळखू येते. मिरची आहे हे कळल्यावरही माणूस बघत राहतो, कारण तिचे वळसे आणि त्यांवरून घसरणारा उजेड अजून संपलेला नसतो. तेव्हा बाई, ओळख पुसायच्या मागे लागू नका. फेस म्हणून कळला तरी चालेल. कळल्यानंतर नजरेला पुढे जायला वाट ठेवा.

तुम्हीच वर लिहिलंय, सरळ रेघ आणि मग तिची कमान. तुमचा फोटो तिथं आहे. चौकटीत तशी एकच रेघ ठेवा, बाकीचे बुडबुडे तिच्याकडे येणारे किंवा तिच्यापासून पळणारे असू द्या. मधोमध ठेवू नका. आमच्याकडे फोटो मोठा करायच्या आधी आम्ही उलटा धरून बघायचो. उलटं धरलं की वस्तू डोक्यातून जाते आणि वजन कुठं पडलंय ते दिसतं. तुम्ही संगणकावर उलटा करा, आणि टपाल तिकिटाएवढा छोटाही करून बघा. त्या आकारात काही शिल्लक राहिलं तर तो फोटो ठेवा.

रंगांचं उद्यमनगरच्या मित्रानं बरोबर सांगितलंय. त्याला जुना आधार आहे. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथंच स्वतः कॅमेरा बनवला, १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट आला. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू काळी यायची. म्हणून कपडा आणि रंग निवडताना तो करड्यात काय होईल हे आधी बघावं लागे. तुम्हाला आज ते घरी बसून ठरवता येतं, पण डोळ्याला ती सवय लावा. कॅमेरा पाहण्यापुरता कृष्णधवलवर ठेवा, रॉ फाइलीत रंग राहतातच. तालमीत जाऊन एकदा बघा: लाल माती आणि ती माखलेलं अंग डोळ्यांना वेगळं दिसतं, करड्यात दोन्ही एक होतात.

प्रतिसाद

छटेबद्दल: फियाप या छायाचित्रणकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या अशी आहे की पूर्ण फोटोला एकच छटा दिली तर तो कृष्णधवल विभागात चालतो. अर्धवट छटा किंवा एखादा रंग आला की तो रंगीत धरतात. बऱ्याच स्पर्धा हीच व्याख्या वापरतात. तुमचा फोटो त्यामुळेच गेला असणार. तरी या स्पर्धेची नियमावली वाचा, काही ठिकाणी छटा अजिबात चालत नाही.

मूळ लेखिका, रविवारी रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आले, हात अजून दुखतायत.

कागलच्या दादांनी सांगितलं तसं केलं. पिशवी पाऊण तास ठेवली, सबंध सकाळभर लेन्स एकदाही धुरकटली नाही. गुळव्यांनी मला पूर्वेच्या खांबाशी उभं केलं, काहिलीपासून चांगलं लांब. तिथून ५५-२५० नं, २५० वर, शटर १/१००० ठेवून काढले. लाल हिस्टोग्राम बघून थांबायचं म्हटल्यावर पहिले फोटो इतके अंधारे दिसले की जीव घाबरला. पण घरी हिरव्यावर नेल्यावर बुडबुड्यांच्या आत दाराची चौकट दिसली! प्रत्येक बुडबुड्यात एक बारकं उजळ दार, आणि सगळी दारं एकाच बाजूला कललेली. साडेतीनशे फोटोंत हे तिथंच होतं आणि मी ते पांढऱ्यात बुडवत होते.

रेघही मिळाली. एकाच फोटोत, पण मिळाली. डावीकडून खाली उतरते, तिच्या उजव्या अंगाला तीन जड बुडबुडे आणि डावीकडे नुकत्याच फुटलेल्याची गोल खाच. शाहूपुरीच्या काकांनी सांगितलं तसा उलटा करून बघितला, छोटा करून बघितला. आईला दाखवला. तिनं ओळखलं, "आपल्या काहिलीतलं हाय न्हवं?" आणि फोटो परत दिला नाही. रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, हितनं फुटलाय बघ. मला त्याचा काय आनंद झाला ते लिहिता येत नाही.

छटा देणार नाही, ठरलं.

आता दोन गोष्टी उरल्यात. पहिली, चार फोटोंपैकी तीन फेसाचे आणि एक मळीचा असं मनात आहे. मळीचा सुरकुत्यांमुळे सुंदर आलाय, पण तो करडा आणि सपाट आहे, बाकीच्यांत काळंपांढरं ठळक आहे. चौघांत तो वेगळा पडेल का, की त्यानं बाकीच्यांना उठाव येईल? काकांनी यावर जरूर लिहावं.

दुसरी, २५० वर मला आणखी थोडं जवळचं हवंय, त्यासाठी गुळव्यांना विचारून थोडी पुढे सरकेन, पण काहिलीवर वाकणार नाही. खऱ्या मॅक्रो लेन्सला खूप पुढं जावं लागतं, ते शक्य नाही. एक नंबरची क्लोजअप लेन्स (लेन्सच्या तोंडावर बसणारं भिंग) पुढे लावली तर साधारण मीटरभरावरून भागेल असं दिसतंय. ५८ मिमी दोऱ्याची कुणाकडे असेल आणि पुढच्या रविवारपुरती द्याल का? मी येऊन घेऊन जाईन. पुढच्या रविवारी काहील पहाटे चढणार आहे, म्हणजे ऊन आत येईपर्यंत दुसरा आधण (रसाची दुसरी खेप) शेवटाला आलेला असेल.