सोलापूरच्या हवेत ग्रेको की जेव्ही स्ट्रॅट?

जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, तर ग्रेको कंपनीची लेस पॉल घ्यावी की जेव्ही स्ट्रॅट (फेंडरच्या सुरुवातीच्या जपानी मालिकेतली स्ट्रॅटोकास्टर), असा प्रश्न आहे. "नेक (गिटारची मान) बोल्टने बसवलेली आहे, दुरुस्ती सोपी, म्हणून जेव्ही स्ट्रॅटच घ्या" हे त्यावरचं एक म्हणणं नेक बदलायची असेल तर अगदी पटतं. पण दर्जा म्हणाल तर १९८२ च्या आसपासच्या फेंडर जेव्ही आणि ग्रेकोची ही लेस पॉल, दोन्ही जपानमधल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातल्याच. तेव्हा निवड दुसऱ्याच गोष्टीवर करा: ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आत तिचा बाक सांभाळणाऱ्या धातूच्या दांड्याचा, नट कुठे आहे?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची (त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येतात आणि हात वरखाली सरकवताना तळव्याला खरवडतात. जुलैत लाकूड पुन्हा ओल धरतं आणि तारा वर उचलल्या जातात. म्हणजे सोलापुरात रॉडला वर्षातून दोनदा तरी हात लावावाच लागतो. ग्रेकोत नट हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला, तारांच्या खुंट्या असतात तिथे), छोट्या झाकणाखाली असतो. तारा थोड्या सैल केल्या, पाव फेरा दिला की झालं. जेव्हीच्या '५७ आणि '६२ घाटाच्या स्ट्रॅटमध्ये तो नेकच्या बुडाशी असतो, नीट फिरवायचा तर नेकच काढावी लागते. दर वेळी तेच स्क्रू त्याच चाळीस वर्षांच्या लाकडात! मला ते बघवत नाही.

माझं मत ग्रेकोला. फक्त पैसे देण्याआधी नट दोन्हीकडे फिरतो का ते समोर फिरवून दाखवायला सांगा, आणि हेडस्टॉकच्या मागे, मान वळते तिथे, भेग पडून ती जोडलेली नाही ना हे उजेडात तिरकं धरून बघा.