नांदूर मध्यमेश्वरला ग्रुप नेताय तर...

वर विचारलंय की जानेवारीत वीसेक जणांना नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात नेलं तर पक्षी नीट दिसतील का. दिसतील की, पण सगळे एकदम बांधावर नका जाऊ, पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात एक तरी जाणकार ठेवा, चापडगावच्या मनोऱ्यावर आळीपाळीने चढा. निफाडची थंडी म्हणजे थंडी, कानटोपी हवीच, आणि भडक जॅकेट खरंच नको.

धुकं असलं तर घाई करू नका, ते विरळ झालं की चक्रवाक, तलवार बदक सगळे दिसायला लागतात. थापट्या नक्की बघा, ती बदकं घोळक्याने गोल गोल फिरत पाणी ढवळतात आणि फावड्यासारख्या चपट्या चोचीने त्यातलं खाणं गाळून घेतात, दुर्बिणीतून पाच मिनिटं तेच बघत बसावं इतकं भारी! मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून घिरट्या घालत आला की वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांची पाण्यावरून जी पळापळ होते ती तर लहान मुलांना फार आवडते.

आणि प्लीज, फोटोसाठी पक्षी उडवू नका. २०२० मध्ये रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा आहे, आणि हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून इथे पोट भरायला येतात हो.