१.९ किमी समुद्रात पोहायचंय, पण टँकमध्ये १०० मीटरलाच धाप लागते

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी, पुढच्या गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं एकापाठोपाठ असलेल्या ट्रायथलॉनला, उतरायचं नक्की केलंय. ९० किमी सायकल आणि २१ किमी पळणं, याचं टेन्शन नाही, दोन्हीचा सराव जुना आहे. गाडी अडते ती पोहण्यात. लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलोय त्यामुळे पाण्याची भीती अजिबात नाही, ब्रेस्टस्ट्रोकने अर्धा तास आरामात जातो, पण फ्रीस्टाईल सुरू केलं की २५ मीटरच्या टँकमध्ये चार लॅपला धाप लागते आणि कड धरावी लागते. पळताना दम टिकतो मग इथंच का जातो? जिम लावून खांदे बनवू का? कृष्णेत सराव करावा म्हटलं तर आमच्या सांगलीकडं मगरी, घरचे सोडणार नाहीत. पोहण्याचा १ तास १० मिनिटांचा कटऑफ (त्या वेळेत बाहेर आलं नाही तर बाद) जमेल का?

खारंपाणी:
भाऊ, दम भरपूर आहे तुमच्याकडे, श्वास सोडायचा राहतोय. तोंड पाण्यात असताना बहुतेक जण श्वास कोंडून धरतात आणि मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात सोडणं-घेणं दोन्ही उरकायला बघतात. आत कार्बन डायऑक्साईड साठतो आणि गुदमरल्यासारखं होतं ते त्यामुळे, ऑक्सिजन संपला म्हणून नाही. तोंड पाण्यात गेलं की नाकातोंडातून बुडबुडे चालू, वळलात की फक्त घ्यायचा. दुसरं म्हणजे विहिरीत शिकलेल्याची मुंडी वर राहते, मुंडी वर म्हणजे कंबर आणि पाय खाली, मग अख्खं अंग पाणी अडवतं आणि निम्मी ताकद त्यातच जाते. नजर थेट तळाकडे ठेवा, श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. जिमचा विचार सोडा, महिनाभर हेच करा, ५०-५० मीटर, मध्ये थांबून, अगदी सावकाश.

सायकलवाली_पुणे:
कटऑफचं गणित करून टाकूया म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. फुल आयर्नमॅनला ३.८ किमीला २ तास २० मिनिटं, तिथंही तोच वेग येतो. हा वेग जमण्यासारखा आहे दादा, फक्त न थांबता टिकवायचा. १०० मीटर सलग आरामात व्हायला लागले की टेस्ट घ्या, आधी ४०० मीटर, मग पूर्ण विश्रांती घेऊन २००, दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मी करायची. समजा ४०० ला १० मिनिटं आणि २०० ला ४:४० लागली तर उरतात ५:२०, त्याचे निम्मे २:४०, हा तुमचा १०० चा टिकाऊ वेग. मग १००-१०० मीटरचे दहा सेट त्याच वेगाने, मध्ये १५-२० सेकंद थांबून, दर पंधरवड्याला एकदोन सेट वाढवायचे. आणि आठवड्यातून एकदाच दोन तास पोहण्यापेक्षा तीन वेळा पाऊणपाऊण तास बरा, खंड पडला की पाण्यातली हाताची सवय लवकर जाते. पाय मात्र जोरात मारू नका, पुढं सायकल आहे.

पणजीकर:
वरचं सगळं पटतं पण किकबद्दल थोडं वेगळं सांगतो, पाय अगदीच सोडून दिले तर बुडतात, हलकी किक हवीच. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं म्हणून समुद्रात त्रास कमी होतो. ही स्पर्धा २०१९ ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली तेव्हापासून बघतोय, लोक थकण्याआधी घाबरतात. खाली तळ दिसत नाही, टँकसारखी काळी पट्टी नाही, शेजाऱ्याचा हात तोंडावर बसतो, त्यात मांडवीचं मुख जवळ त्यामुळे ओढ असते आणि सरळ चाललोय असं वाटत असताना बाजूला गेलेलो असतो. म्हणून दर आठदहा हातांनी डोळे जेमतेम पाण्यावर काढून बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा, सगळी मुंडी काढायची नाही. सकाळी किनाऱ्याकडे वळलात की सूर्य समोर, टिंटेड गॉगल घ्या. मान आणि काखेत व्हॅसलीन लावा, खारं पाणी घासून सालटी काढतं. घाबरल्यासारखं झालं तर मदतीला असलेली कयाक (छोटी होडी) धरून थांबता येतं, पुढं सरकला नाहीत तर बाद होत नाही. ब्रेस्टस्ट्रोकही चालतो.

कृष्णाकाठचा:
आभार सगळ्यांचे! आज संध्याकाळी फक्त बुडबुडे सोडत गेलो आणि कड न धरता चारच्या पुढं दोन लॅप जास्त झाले, विश्वासच बसेना. ओपन वॉटरसाठी कुठं जाऊ?

खारंपाणी:
कोल्हापूरला राजाराम तलावावर ट्रायथलॉनवाल्यांचा ग्रुप शोधा, नंतर मालवणला चिवला बीच, डिसेंबरात तिथं सागरी जलतरण स्पर्धाही असतात. पण एकटं उतरायचं नाही, सोबत दुसरा पोहणारा आणि कमरेला केशरी टो फ्लोट (मागे तरंगत येणारा, लांबून दिसणारा फुगा) असल्याशिवाय कितीही ओळखीचं पाणी असलं तरी नाही. पहिल्या दिवशी ३०० मीटर, किनाऱ्याला समांतर.