केमिस्टने गोळ्यांच्या पाकिटांवर उलटं लिहिलं, जबाबदार कोण?
आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच आणि इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलं होतं. दुकानातल्या मुलाने पाकिटांवर नेमकं उलटं लिहिलं: मेथोट्रेक्सेटवर 'रोज १'. तोंड इतकं आलं की पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी घसरल्या, अ‍ॅडमिट करावं लागलं. आता घरी आहे.

चिठ्ठी छापील आहे, म्हणजे 'अक्षर लागलं नाही' ही सबब नाही. पाकिटं, बिल, रिपोर्ट जपून ठेवलेत. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. मालक म्हणतो, चूक नोकराची. फार्मासिस्ट तेव्हा दुकानात नव्हताच! ग्राहक आयोगाची २ वर्षांची मुदत माहीत आहे.

आयोगात मालक आणि फार्मासिस्ट दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष) करावं का? आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत तक्रारीसोबतच जोडावं लागतं का?