मदत हवी आहे: तळपायाला जखम असलेल्या वडिलांना पाय टेकवण्यापासून कसं थांबवायचं? (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, माहेर दोन गल्ल्या सोडून आहे. अप्पा (माझे वडील) ७१ वर्षांचे आहेत, १४ वर्षांपासून शुगर आहे. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम आज सात आठवडे झाले तरी भरलेली नाही. सर्जन चांगले मिळालेत आणि औषधं वेळेवर चालू आहेत, त्यामुळे कृपया मलमाची नावं सुचवू नका. माझा प्रश्न चालण्याचा आहे.

आधी जखम कशी झाली ते सांगते, म्हणजे माणूस कळेल. अप्पांनी ४० वर्षं माग चालवला. दर सोमवारी सिद्धेश्वराला जायचं, हा त्यांचा नेम. पाडव्यानंतरच्या एका सोमवारी गर्दी होती म्हणून उशीर झाला आणि भर दुपारी चपला काढून ते दगडी फरशीवरून चालत गेले. सोलापूरचं ऊन आणि ती फरशी, इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाकीचे लोक उड्या मारत सावली गाठत होते, अप्पा मात्र सावकाश चालत राहिले. त्यांना काही लागलंच नाही. तळव्याला फोड आला, फुटला, त्यावर त्यांनी जुन्या धोतराची पट्टी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी आईला चादरीवर डाग दिसला. आईचे गुडघे गेलेत, वाकून कुणाचा तळपाय बघणं तिला जमत नाही. आणि मी रोज तिथे जाऊन त्यांना चहा देत होते, पण पाय एकदाही पाहिला नाही, हे मला फार लागून राहिलंय.

पहिल्या दवाखान्यात तीन आठवडे नुसत्या गोळ्या आणि वरून पट्टी. जखमेभोवती कडक कातडीचा जाड घट्टा होता, तो कुणी काढलाच नाही. मग ओळखीतून सध्याचे सर्जन मिळाले. त्यांनी पहिल्याच दिवशी घट्टा आणि मेलेली कातडी कापून काढली, तेव्हा कळलं की वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत पसरलेली होती. त्यांनी एक बारीक नायलॉनचा धागा अप्पांच्या तळव्याला वाकेपर्यंत टेकवला. अप्पांना डोळे मिटायला सांगितलं होतं. दहा ठिकाणी टेकवून झालं आणि अप्पा विचारतात, "कधी लावताय डॉक्टर?" मला तिथेच रडू आलं.

बाकी तपासण्या थोडक्यात: तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.८. पायाच्या रक्तप्रवाहाचा डॉपलर बरा आहे. एक्स-रेमध्ये हाड स्वच्छ दिसलं, पण हाडात जंतू गेले तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पुन्हा काढला, तोही ठीक आला. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.३. गोळ्यांच्या जोडीला आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू केलंय.

डॉक्टरांनी मला एक मोजमाप शिकवलं. दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर उपचारात काहीतरी कमी पडतंय असं धरायचं. सुरुवातीला २.५ बाय २ सेंटीमीटर होती, या रविवारी १.८ बाय १.५ भरली. म्हणजे ५ चं २.७. निम्म्याच्या जवळ, पण निम्मं नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध बरोबर आहे, रक्त पोचतंय, मग राहिलं काय? हे चालतात."

आणि ते खरं आहे. संडास अंगणापलीकडे आहे. खाटेपासून मी पावलं मोजली, २२. जाऊन-येऊन ४४. दिवसरात्र मिळून आठ फेऱ्या धरल्या तर साडेतीनशे पावलं होतात आणि त्यातली निम्मी त्या जखमेवर पडतात. शुगर चढलेली असली की रात्री लघवीला जास्त उठावं लागतं, म्हणजे पावलं आणखी वाढतात. अंगठ्याच्या मुळाशी सगळा भार येतो, दुखत नाही म्हणून ते लंगडतही नाहीत, सरळ पाय दाबून चालतात. तुम्हाआम्हाला खडा बोचला तर पाय आपोआप उचलला जातो, त्यांचा उचलला जात नाही. मी त्यांना म्हटलं, "अप्पा, रात्रभर विणलेलं कापड तुम्ही सकाळी चालून फाडताय." त्यांना ते पटलं, दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे अंगण झाडत होते. विचारलं तर म्हणाले, "काय होत नाही की. बसून बसून माणूस मरतंय."

डॉक्टरांनी काढता-घालता येणारा बूट दिला होता, तो दारामागे पडून असतो. "एवढ्याशा फेरीला कशाला?" असं प्रत्येक फेरीला. आता डॉक्टर गुडघ्याखालपर्यंत पायाला बेतून बसवलेलं प्लास्टर घाला म्हणतात. ते काढता येत नाही हाच त्याचा फायदा, भार पूर्ण पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो. रक्तप्रवाह बरा आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल तरच घालतात. अप्पांना मात्र प्लास्टर म्हणजे पाय कापायची पहिली पायरी वाटते. त्यांच्याबरोबर मागावर असलेल्या एकांचा पाय गुडघ्यापासून गेला, तेव्हा आधी पट्ट्याच बांधल्या होत्या, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. भेटायला येणारे लोक तर समोरच म्हणतात, "शुगरची जखम, ती काय भरत नसते." कुणी हळद-एरंडेल घेऊन येतं, कुणी विडीच्या तंबाखूची राख लावा म्हणतं, एका मावशींनी गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलं. ज्या पायाला फरशीचा चटका कळला नाही, त्याला पाणी किती गरम आहे हे कसं कळणार?

तर ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा. दिवसभर काम करायची सवय असलेल्या माणसाला, त्याचा मान राखून, बसतं कसं केलंत? मुलगी म्हणून मी किती ओरडू? आणि जखम भरल्यावर लागणारी मऊ एमसीआर रबराची चप्पल मापाने करून देणारं सोलापुरात कुणी आहे का? कुष्ठरुग्णांसाठी अशा चपला पूर्वीपासून बनतात असं ऐकलंय.

पाच दिवसांनी: सगळ्यांना मनापासून धन्यवाद. विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देते.

जेवण: भाकरी ज्वारीची म्हणून कितीही चालते असा आमच्या घरी समज होता, आता दोनवर आणली. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून रोज डाळ आणि एक उकडलेलं अंडं. मात्र किती, हे डॉक्टरांनी क्रिएटिनिन बघून ठरवलं, आपल्या मनाने वाढवू नका. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला आणि एकदा अप्पांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. शुगर ६२ होती. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. आता ताट समोर आल्याशिवाय सुई नाही.

खर्च: ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत आहे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, आमचं रोजचं ड्रेसिंग त्यात बसत नाही. एका ड्रेसिंगला २५० रुपये लागतात, ते भाऊ पुण्याहून पाठवतो.

दवाखान्यात कधी पळायचं, हे एका ताईंनी विचारलं. आमच्या डॉक्टरांनी आईला पाठ करायला लावलंय: पाय सुजला, लाली वर चढायला लागली, वास आला, थंडी वाजून ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर उद्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

आणि ज्या दादांनी "त्यांना बसा म्हणू नका, बसून करायचं काम द्या" असं लिहिलं, त्यांचे कसे आभार मानू कळत नाही. शेजारच्या कारखान्यातून टॉवेल आणले, सुटलेले धागे कापायचे आणि डागी नग बाजूला काढायचे. पाय उशीवर, मांडीवर गठ्ठा. अप्पांनी पहिल्याच दिवशी ६० नग पाहिले आणि संध्याकाळी मला सांगितलं की त्यातल्या चार टॉवेलांत ताणा तुटलेला आहे, मालकाला माग बघायला सांग. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा ऐकला. खाटेशेजारी कमोडची खुर्चीही ठेवली. पहिले दोन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आईने मधे साडीचा पडदा लावला, तेव्हापासून रात्रीच्या तरी फेऱ्या थांबल्या. सोमवारी मी त्यांच्या वतीने सिद्धेश्वराला जाते आणि अंगारा आणते, त्यांनी ते मान्य केलंय.

काल रात्री ते आपणहून म्हणाले, "घाल म्हणावं ते प्लास्टर." गुरुवारी घालायचं ठरलंय. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत काढून पाय तपासतील, मग दर आठवड्याला बदलतील. आता माझी काळजी उन्हाची आहे. पारा चाळिशीच्या वर आहे आणि वीज दुपारी जाते. एवढ्या उकाड्यात कुणाच्या घरी असं प्लास्टर होतं का? आत घाम आला तर काय करत होतात? आंघोळ कशी घालत होतात? खाज सुटली की अप्पा आत काडी घालतील अशी मला भीती वाटते, त्यांना तर टोचलेलंही कळणार नाही. गुरुवारच्या आत कुणी सांगितलं तर बरं होईल.