भागीरथीची दरी वर रुंद आणि खाली अरुंद कशी?

रानवाट (प्रश्न)

दसऱ्यानंतर गंगोत्रीहून गोमुखापर्यंत पायी जाऊन आलो. शाळेच्या भूगोलात नदीच्या युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था अशा तीन अवस्था शिकलो होतो. उगमाजवळ अरुंद, खोल दरी आणि पुढे ती रुंदावत जाणार, असे ते चित्र होते. प्रत्यक्षात भोजबासाला दरी चांगली ऐसपैस दिसली, गंगोत्रीला नदी एकाएकी कातळाच्या फटीत शिरली, हर्सिलला ती गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रात चार-पाच धारांनी पसरली होती आणि झाला गाव ओलांडल्यावर पुन्हा घळईत गडप झाली. दुसरी शंका पाण्याच्या रंगाची. गोमुखाशी बाटलीत भरून घेतलेले पाणी राख कालवल्यासारखे करडे होते आणि तीच नदी ऋषिकेशला हिरवट, जवळजवळ नितळ दिसली. असे का व्हावे?

कातळकडा

तीन अवस्थांची ती मांडणी डेव्हिस या अमेरिकन भूगोलज्ञाने १८९९ मध्ये केली. जमीन एकदा उचलली जाते, मग स्थिर राहते आणि पुढचे सगळे काम एकटी नदी करते, असे तिच्यात गृहीत आहे. हिमालयात यातले काहीच लागू पडत नाही, कारण तो अजून उचलला जातो आहे आणि भागीरथीच्या वरच्या टप्प्यात नदीच्या आधी हिमनदी काम करून गेली आहे.

आज गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब असून गोमुखाशी संपते, पण हिमयुगात ती झाला गावाच्या आसपास पोहोचली होती. बर्फ दरीचा तळ आणि दोन्ही बाजू एकदमच खरवडतो, त्यामुळे यू आकाराची, सपाट तळाची दरी तयार होते. आपण भोजबासाला पाहिलीत ती हीच. बर्फ हटल्यावर अशा तळात गाळगोटे साचतात आणि नदी त्यावर धारा बदलत वाहते. हर्सिलजवळ बाजूचे ओढेही पंख्यासारखे ढिगारे आणून टाकतात. ५ ऑगस्ट २०२५ रोजी धराली गावावर खीरगाडच्या ओढ्याने आणलेला मलबा अशाच एका पंख्यावर पसरला. गंगोत्रीला मात्र पात्रात कठीण ग्रॅनाइट आहे. तो रुंदीत झिजत नाही, म्हणून नदी त्यात खाली खाली कापत गेली. झाला गावाखालच्या घळईचे कारण आणखी वेगळे: तिथे उतार एकदम वाढतो आणि पुढे नदी हिमालयातला मुख्य मध्यवर्ती भ्रंश, म्हणजे जिथे कातळ तुटून सरकला आहे ती मोठी भेग, ओलांडते.

संथ_पाणी

रंगाबद्दल. करडेपणा म्हणजे दगडाचे पीठ. बर्फाच्या तळाशी अडकलेले धोंडे कातळावर घासले जातात आणि त्यातून निघणारी पूड इतकी बारीक असते की ती वाहत्या पाण्यात तळाला बसतच नाही. ती बसायला पाणी थांबावे लागते, आणि भागीरथीचे पाणी टिहरीला थांबते. तिथले २६०.५ मीटर उंचीचे धरण २००६ पासून वीज देते आहे. त्याच्या जलाशयात गाळ मागे राहतो. शिवाय आपण ऑक्टोबरात गेलात, तेव्हा बर्फ कमी वितळतो. श्रावणात ऋषिकेशचे पाणी पाहिले असते, तर हिरवा रंग औषधालाही सापडला नसता.

देवप्रयागच्या संगमावर स्थानिक लोक खळाळत्या भागीरथीला सासू आणि अलकनंदेला सून म्हणतात. गंमत अशी की पाणी सुनेकडेच जास्त आहे, तरी उगमाचा मान परंपरेने सासूला मिळाला!

उतरंड

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत; फक्त उताराचे गणित जोडतो. गोमुख सुमारे ४,००० मीटरवर आणि देवप्रयागचा संगम सुमारे ४७५ मीटरवर. मधले अंतर अंदाजे २०५ किलोमीटर. म्हणजे नदी दर किलोमीटरला सरासरी १७ मीटर उतरते. हरिद्वार ३१४ मीटरवर आहे आणि तिथून समुद्र २,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला जेमतेम १४ सेंटिमीटर! शिवालिक टेकड्या सुटताच नदीला मोठे गोटे पेलवत नाहीत. डोंगरपायथ्याशी ते साचून भाबरचा पट्टा झाला, ज्यात लहान ओढे चक्क जिरून जातात आणि खाली तराईत पुन्हा वर येतात. नागमोडी वळणे आणि नालाकृती सरोवरे त्यानंतरच्या मैदानात. तेव्हा खालच्या टप्प्यापुरते आपले पाठ्यपुस्तक खरे ठरते.

रानवाट

सर्वांचे आभार. गोमुखाची बाटली फडताळात न हलवता ठेवली होती, ती आत्ता पाहिली. आज नववा दिवस आहे. तळाशी मैद्यासारखा करडा थर धरला आहे, वरचे पाणी मात्र अजून दुधी आहे.