‘दुरूद पाठवणे’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: एका उर्दू लेखाचं मराठी करतेय, त्यात ‘पैगंबरांवर दुरूद पाठवणे’ आलंय. मी ‘पैगंबरांना आशीर्वाद देणे’ लिहिलं पण वाचताना खटकतंय. आणि नावापुढे कंसात (स.) असतं ते कशाचं?

उत्तर: खटकलं ते बरोबरच आहे ताई. आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचा असतो, पैगंबरांना आपण कुठला आशीर्वाद देणार? दुरूदाचे शब्दच बघा ना, ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद’, म्हणजे हे अल्लाह, मुहम्मदांवर तू कृपा कर. देणारा तो, आपण फक्त मागणारे.

कुराणात (सूरह अहजाब, आयत 56) सगळ्या ईमानवाल्यांना हे सांगितलंय, तिथलं क्रियापद ‘सलात’ या शब्दाचंच आहे आणि गंमत म्हणजे अरबीत नमाजलाही सलातच म्हणतात. फारसीत मात्र दोन वेगळे शब्द, नमाज आणि दुरूद, आणि आपल्याकडे आले ते हे फारसीच. नमाजच्या शेवटच्या बैठकीत दुरूद-ए-इब्राहीम पढतात, म्हणजे दोन्ही परत एकत्र येतातच. आमच्याकडे ‘पाठवणे’पेक्षा ‘पढणे’ जास्त चालतं, तेव्हा ‘दुरूद पढणे’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

(स.) म्हणजे ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’, अल्लाहची त्यांच्यावर कृपा आणि शांती असो. छापलेलं एकच अक्षर असलं तरी वाचताना पूर्ण म्हणायचं. माझी आजी भाकरी थापत असायची आणि रेडिओवर नाव आलं की हात तसाच परातीत थांबायचा, ओठ हलायचे, मग पुढची थाप. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तर त्यांनीच म्हटलंय की ज्याच्यासमोर माझं नाव निघालं आणि त्याने दुरूद पढला नाही तो खरा कंजूष. लिहिण्यातही कंजुषी नको असं जुने आलिम (धर्मपंडित) म्हणत, इब्न सलाह (मृत्यू 1245) यांनी विद्यार्थ्यांना बजावलंय की कितीदा का येईना, पूर्ण लिहा, कंटाळू नका. माझं मत विचाराल तर निदान पहिल्या उल्लेखाला तरी पूर्ण लिहाच.

प्रश्न: खूप आभार, ‘दुरूद पढणे’च ठेवते. लेखात हजरत ईसा आणि हजरत आयेशा पण आहेत, त्यांनाही (स.)च का?

उत्तर: नाही नाही, ईसा, मूसा वगैरे पैगंबरांना रूढ आहे ते ‘अलैहिस्सलाम’. सहाबांना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, ‘रजिअल्लाहु अन्हु’, पण आयेशा बाई आहेत म्हणून तिथे ‘अन्हा’ लिहा, मराठीत ही चूक फार दिसते.